हेडलाइटमधलं बाष्प आणि पाणी

गाडीच्या हेडलाइटच्या काचेला आतून दव धरणं आणि लाइटच्या तळाशी चक्क पाणी साचणं, ह्या दोन्हीला गॅरेजमध्ये एकच वाक्य असतं, "लाइटमध्ये पाणी गेलंय". खरं तर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिली बहुतेक वेळा नॉर्मल असते, आपोआप जाते. दुसरी म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत लाइट कितीही वाळवा, पुढच्या पावसात परत तेच.

हेडलाइट म्हणजे पॅकबंद डबा असं बऱ्याच जणांना वाटतं. एके काळी होताही, अमेरिकेत १९४० पासून सील्ड बीम आले, काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकाच सीलबंद तुकड्यात, फिलामेंट उडाली की अख्खा लाइट बदला, आणि १९८३ पर्यंत तिथे दुसरं काही चालतच नव्हतं. आताच्या लाइटचं तसं नाही. मागे प्लास्टिकची बॉडी, पुढे पॉलिकार्बोनेटची 'काच' (म्हणायची काच, असतं प्लास्टिकच), दोन्ही ब्यूटिल सीलंटने (चिकट रबरी लांबीने) चिकटवलेले, आणि मागच्या बाजूला मुद्दाम ठेवलेली हवेची वाट. ती लागतेच, कारण लाइट लावला की आतली हवा तापून फुगते आणि बंद केला की आकसून बाहेरची हवा ओढते, वाट नसेल तर हा दाब सीलवर येतो आणि एक दिवस सील सुटतं. काही लाइटला ही वाट म्हणजे वाकडी रबरी नळी असते, काहींना फोमचा तुकडा, आणि आजकाल बऱ्याच लाइटला पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या) ताणलेल्या पडद्याचं छोटं गोल स्टिकर असतं ज्यातून वाफ जाते पण पाणी जात नाही. हाच ताणलेला पीटीएफई बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधला आणि महागड्या रेनकोटमध्ये अनेक वर्षं तोच वापरला गेला.

आता हिशोब बघा. ३० डिग्रीच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, २० डिग्रीला साधारण १७. हेडलाइटमध्ये अगदी १० लिटर हवा धरली तरी रात्री गार झाल्यावर काचेवर येणारं पाणी भरतं ०.१३ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंब. ते सगळ्या काचेवर पसरलं की धुरकट दिसतं आणि मालक घाबरतो, पण आहे तेवढंच. त्यामुळे तळाला पाणी हलताना दिसत असेल, काचेवरून ओघळ येत असतील, तर ते हवेतून आलेलं नाही, ते आत शिरलंय. नुसतं धुकं असेल तर लाइट लावून गाडी चालवा आणि बघा, काच मधूनच साफ होत कडेपर्यंत गेली तर विषय संपला. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही हलकं धुकं चालेल असंच लिहिलेलं असतं, म्हणून वॉरंटीत भांडायला जाताना थेंब किंवा साचलेल्या पाण्याचा फोटो हवा, धुक्याचा नाही.

एलईडी लाइटवाल्यांना हा त्रास जास्त वाटतो त्याचं कारण साधं आहे, हॅलोजनचा बल्ब पुढच्या काचेला चांगलाच तापवतो, एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते आणि काच गारच राहते. म्हणून त्यात धुकं उशिरा जातं, लाइट खराब आहे असं नाही.

पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिला नंबर बल्बच्या मागे बसणाऱ्या रबरी कॅपचा. बल्ब बदलताना ती नीट बसवलीच जात नाही, आणि बाहेरून एलईडी बल्ब टाकला की त्याचा फॅन मागे येतो, कॅप बसेना म्हणून लोक ती कापतात किंवा काढूनच ठेवतात. माझ्या मते आपल्याकडच्या पाणी धरलेल्या लाइटचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि दोष मात्र लाइट बनवणाऱ्याला. मग बंपरला बारीक ठोकर लागून बॉडीला गेलेला केसाएवढा तडा, एच४ ह्या हॅलोजन बल्बच्या ६०/५५ वॉटच्या (अपर/डिपर) जागी १००/९० चा बल्ब टाकून वितळलेला होल्डर, आणि प्रेशर वॉशर. घाट चढून तापून आलेल्या गाडीच्या लाइटवर गार पाण्याचा जोरदार फवारा मारला की आतली हवा पटकन आकसते आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी ओढून घेते, वॉशिंग सेंटरवरून निघालेल्या गाडीला संध्याकाळी धुकं दिसतं ते ह्यामुळे.

वाळवायचं कसं? बॅटरीची वायर काढा, मागची कॅप आणि बल्ब काढा, हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, आणि गाडी उन्हात तोंड करून उभी करा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा हेअर ड्रायर, पण लांबून आणि हलवत. हीट गनने काच वितळलेले लाइट कुठल्याही गॅरेजमध्ये बघायला मिळतील. साचलेलं पाणी आधी लाइट उलटा करून किंवा सिरिंजला बारीक नळी लावून काढायचं. आत फडकं घालून पुसायचा मोह होतो, तो टाळा, रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की कापडाबरोबर निघून येतो आणि मग बीम कायमचा मंद. सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या तर बल्बपासून लांब, धागा बांधून, आणि काम झाल्यावर बाहेर काढायच्या, कारण एकदा ओल पिऊन झाली की त्या नुसत्या पडून राहतात.

गळती शोधायला लाइट काढून सगळ्या जोडावर साबणाचं पाणी लावा आणि हवेच्या वाटेतून तोंडाने हळू फुंका, बाकीच्या वाटा बोटांनी बंद करून. बुडबुडा आला ती जागा. कंप्रेसर लावायचा नाही, असलेलं सीलही सुटेल. जागा पूर्ण कोरडी करूनच सीलंट भरायचं, ओल्यावर काहीच धरत नाही, आणि सगळीकडे सिलिकॉन फासताना हवेची वाट बुजवू नका, ती बुजली तर आतली ओल आतच. काच उघडून परत ब्यूटिल भरायचं काम लाइट गरम करून करतात, जमणाऱ्याकडूनच करून घ्यावं. रस्त्यावरचा एक उपाय म्हणजे तळाला ड्रिलने भोक, पाणी निघतं हे खरं, पण त्याच भोकातून धूळ आणि चिखलाचे शिंतोडे आत जातात.

टेललाइटची गोष्ट तीच, फक्त तिथे मागचं गॅस्केट (लाइट आणि बॉडीमधलं रबरी पॅकिंग) कडक झालं की पाणी लाइटमध्ये न थांबता डिकीत उतरतं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी सापडलं तर दरवाजाच्या रबराला दोष द्यायच्या आधी ते गॅस्केट बघायचं.