मोटारसायकलचं इंजिन डायनोवर चढवण्याआधी
विद्यार्थी रेसकार टीमसाठी माहितीपत्रक

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फॉर्म्युला स्टुडंट (कॉलेजच्या टीमनी बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) गाड्यांची इंजिनं डायनोवर, म्हणजे टॉर्क आणि पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, टेस्टिंगला येतात. इंजिन टेम्पोतून उतरायच्या आत टीम विचारते, ‘पॉवर किती निघेल?’ त्याआधी आम्हाला विचारायचं असतं, की ड्राइव्ह कुठून घ्यायचा, म्हणजे इंजिनाचा कोणता फिरता भाग डायनोला जोडायचा. याचं उत्तर कॉलेजमधूनच ठरवून आलात तर दिवस वाया जात नाही.

कारच्या इंजिनाला मागे उघडं फ्लायव्हील असतं, शाफ्ट बोल्ट केला की निम्मं काम झालं. मोटारसायकलच्या इंजिनात क्रँक, क्लच, गिअरबॉक्स सगळं एकाच केसिंगमध्ये. बाहेर येतो तो फक्त पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) शाफ्ट. म्हणजे मोजमाप गिअरबॉक्समधूनच होणार.

थेट शाफ्ट की चेन?

जुन्या स्प्रॉकेटवर फ्लँज वेल्ड करून ‘प्रॉपेलर शाफ्ट थेट लावा’ म्हणणाऱ्या टीम बऱ्याच असतात. आम्ही तसं जोडत नाही. स्प्रॉकेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबट खाचांवर) किंचित ढिलं असतं. चेनला ते चालतं, पण तिथे लटकवलेला जड फ्लँज वेगात डोलायला लागतो आणि ऑइल सील, मग बेअरिंग खातो. थेट शाफ्टच हवा असेल तर फ्लँजला बाहेरून आधाराचं बेअरिंग द्यावं लागेल. तेवढ्या खर्चात चेनचा सेटअप उभा राहतो.

स्प्रॉकेट मूळचंच ठेवून चेन मधल्या एका शाफ्टवर घ्यायची, ही आमची पद्धत. हा शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकवर (बेअरिंग बसवलेल्या ठोकळ्यांवर) बसतो आणि त्याचं दुसरं टोक रबरी टायर कपलिंगने डायनोला जोडतो. सिंगल सिलिंडरचे धक्के रबर पचवतं. मधला शाफ्ट कशाला, थेट डायनोवरच स्प्रॉकेट का नको, असं विचाराल तर हिशोब करून बघा. इंजिनाचा टॉर्क ३५ न्यूटन-मीटर आणि एकूण रेशो (इंजिनाचे फेरे भागिले बाहेरच्या शाफ्टचे फेरे) २.६ धरला, तर बाहेर ९१ न्यूटन-मीटर येतात. १५ दातांच्या ५२० चेन-स्प्रॉकेटची त्रिज्या साधारण ३८ मिलिमीटर. म्हणजे चेनची सरासरी ओढ २४० किलोच्या आसपास, आणि प्रत्येक फायरिंगला त्याहून जास्त. ही आडवी ओढ डायनोच्या बेअरिंगने सोसायची नसते.

हीच ओढ तुमच्या माउंटिंगवरही येते. म्हणून इंजिन चॅसीला ज्या भोकांत बसतं ती सगळी वापरायची, नुसती खालची दोन नाहीत. मूळचे स्पेसर आणि बोल्ट बरोबर आणा. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे आम्ही सरळ पट्टी लावून बघतो. कपलिंगला डायल गेज लावून शिम (पातळ पत्र्या) भरतो. याला वेळ लागतो, घाई करू नका.

गिअर कोणता?

पहिला नको. लहान सिंगलमध्ये पहिल्या गिअरचा एकूण रेशो ७ च्या आसपास जातो. त्याने चेनची ओढ अडीच पटीहून जास्त होते आणि डायनो हजार आरपीएमच्या आसपास रेंगाळतो. एडी करंट (चुंबकीय ब्रेकच्या) डायनोची पकड इतक्या कमी वेगाला कमजोर असते. चौथा किंवा पाचवा बरा.

सुरुवात न्यूट्रलमध्ये, इंजिनाच्याच स्टार्टरने. इंजिन गरम झालं की गिअर टाकून क्लच हळू सोडायचा. स्क्रीनवर इंजिनाचा आणि डायनोचा आरपीएम शेजारी दिसतात. त्यांचा भागाकार कायम एकच यायला हवा. फुल थ्रॉटलला २.६० चा २.६५ दिसला, की क्लच सरकतोय. रन तिथेच थांबवतो. तुम्हाला पॉवर वाढल्यासारखी वाटली तरी.

आकडे कसे वाचायचे

नियमाप्रमाणे पेट्रोल गाडीला २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतला अरुंद गळा) असतो, आणि वरच्या आरपीएमला त्यातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचून अडते. मग किती हवा आत जाणार, हे बाहेरच्या दाबावर ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, दाब ९४५ मिलिबारच्या आसपास. म्हणजे समुद्रकाठच्या मानाने ६-७ टक्के हवा इथेच कमी. स्पर्धेचा कोइंबतूरचा कारी ट्रॅक आपल्यापेक्षा थोडा खाली आहे, तिथे किंचित फायदा होईल. रिपोर्टमध्ये मोजलेला आणि (प्रमाणित हवेला धरून) दुरुस्त केलेला, दोन्ही आकडे देतो. गिअरबॉक्स आणि चेनमधली घट अंदाजाने ‘भरून’ देत नाही; डिझाइन रिपोर्टसाठी हवी असेल तरी.

फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) करायचा असेल तर गाडीवरचंच इनटेक, प्लेनम (रिस्ट्रिक्टरनंतरचा हवेचा डबा), रिस्ट्रिक्टर आणि सायलेन्सरसकट एक्झॉस्ट लागेल. कंपनीच्या एअरबॉक्सवर काढलेला मॅप गाडीवर कामाचा नाही. हार्नेस (वायरिंग) आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचा, पासवर्ड विसरू नका. (पासवर्ड पास-आउट झालेल्या सीनियरकडे असतो, त्याला आदल्या दिवशीच फोन करा.) रेडिएटर नाही आणलात तरी चालेल. इथे समोरून वारा मिळत नाही, म्हणून आम्ही हीट एक्स्चेंजरवर पाणी फिरवतो. थर्मोस्टॅट मात्र काढू नका.

चेनवर जाड पत्र्याचं गार्ड असतं, जाळी नाही. तरीही चेनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. क्लिपची चेनलिंक चालणार नाही, रिव्हेट केलेलीच लागेल. गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र, ओढणी, सैल बाह्या सेलच्या (इंजिन चालवायच्या खोलीच्या) बाहेर. रन चालू असताना सेलचं दार बंद राहील. इमर्जन्सी बटण दाबलं की फ्युएल पंप आणि इग्निशन एकदम बंद होतात.

बुकिंगला फॅकल्टी अॅडव्हायझरांच्या सहीचं पत्र लागतं. पत्राबरोबर इंजिनाचं मॉडेल, गिअर रेशो, पुढच्या स्प्रॉकेटचे दात आणि माउंटिंगचं ड्रॉइंग पाठवा, म्हणजे ब्रॅकेट आधी कापून ठेवता येतात. जानेवारीतल्या स्पर्धेच्या तोंडावर सगळेच येतात; दिवाळीच्या सुट्टीआधी आलात तर निवांत काम होईल.