आळेगावची शरणागती : एका कादंबरीची पार्श्वभूमी

थोरल्या माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेली आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेनं रमा-माधव ही जोडी घराघरांत नेली. पानिपत, नानासाहेबांचा मृत्यू, सोळाव्या वर्षी मिळालेली पेशवाईची वस्त्रं हे वाचकांना पाठ आहे. वाद आहे तो आळेगावचा.

नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीच्या मुलखात काका-पुतण्याच्या, म्हणजे रघुनाथराव आणि माधवरावांच्या, फौजा भिडल्या. काकांच्या पाठीशी निजामाची कुमक होती आणि तिच्या बदल्यात, उदगीरला १७६० मध्ये जिंकलेला मुलूख परत करायचा वायदा. पुतण्याचा मोड झाला. मग तो पळाला नाही, आळेगावी थेट काकांच्या छावणीत जाऊन हवाली झाला.

यात वडीलधाऱ्यांचा मान पाहण्याची आपल्याला सवय आहे. पण हा हिशेबच जास्त दिसतो. पानिपतानंतर दौलत कर्जात, दक्षिणेत म्हैसूरचा हैदर डोकं वर काढतोय, आणि घरची लढाई लांबली तर निजामाचं फावणार. शरण गेल्यानं कारभार गेला, दौलत मात्र दुभंगली नाही. शिवाय पुतण्या स्वतःच हाती आल्यावर काकांना निजामाची गरजच काय उरली?

किंमत मात्र इतरांनी मोजली. काकांनी जुने हिशेब चुकते करायला काढले, पटवर्धन सरदारांची मिरज घेतली. पटवर्धन चिडून निजामाकडे गेले, नागपूरकर भोसलेही. काल ज्या निजामाला काकांनी घरात घेतलं, त्याच्याकडे आज काकांचे दुखावलेले लोक! फितूर नेमकं कोणाला म्हणायचं? १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेकडून पुणं लुटलं गेलं, खंडणी न भरणाऱ्यांची घरं पाडली, जाळली गेली. शेवटी ३२ लाखांच्या मुलखाच्या बोलीवर भोसले निजामापासून दूर झाले, पटवर्धनही परतले. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला, निजाम गोदावरीपलीकडे आणि त्याचा दिवाण अलीकडे अडकलेला असताना मराठ्यांनी गाठलं. दिवाण पडला. कारभार पुतण्याकडे आला तो या विजयानंतर.

काकांना कैद करायला मात्र १७६८ ची धोडपची लढाई लागली. माझ्या मते ही पाच वर्षांची सबुरी फार महाग पडली. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयानं माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या, आणि वर्षभरातच शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ, नवे पेशवे नारायणराव यांचा खून झाला. १७७५ मध्ये काका सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले.

रमाबाईंबद्दल कागदपत्रं फारसं बोलत नाहीत. त्यामुळे प्रेमाच्या भागात कादंबरीकाराला मोकळं रान होतं, आणि वाचकांनी सर्वांत जास्त जपलाही तोच भाग. आळेगावचं प्रकरण भरभर उलटून थेऊरपाशी रडणारे वाचक मी बरेच पाहिलेत.