साधं पाकीट: तंबाखूच्या शेवटच्या जाहिरातीवर बंदी कशी आली

सिगारेटच्या पाकिटावरचे रंग, बोधचिन्हं आणि सोनेरी रेघा काढून टाकल्या, तर लोक कमी ओढतात का? या प्रश्नाकडे वळण्याआधी पाकिटाला एवढं महत्त्व का आलं, ते पाहायला हवं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखूच्या जाहिरातींच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या जाहिराती थांबल्या, १९९२ च्या कायद्यानं उरलेल्या बहुतेक जाहिरातीही गेल्या. मग राहिलं ते पाकीट. साबणाचं वेष्टन घरी आल्यावर लगेच कचऱ्यात जातं. सिगारेटचं पाकीट मात्र दिवसभर खिशात असतं, दर सिगारेटीला बाहेर निघतं, चारचौघांत टेबलावर पडून राहतं. त्यातही फिकट रंगाची पाकिटं 'सौम्य' सिगारेट असल्याचं भासवायची. अनेक देशांनी 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द छापायला मनाई केली, तरी तेच काम रंग करत राहिले. या सिगारेटी मुळीच कमी घातक नसतात. ओढणाऱ्याला रंगातून दिलेला हा खोटा दिलासा मला या इतिहासातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

साध्या पाकिटाचा कायदा सर्वांत आधी ऑस्ट्रेलियानं केला, पण ही कल्पना ऑस्ट्रेलियाची नव्हे. १९८० च्या दशकात कॅनडातल्या डॉक्टरांनी ती मांडली आणि १९८९ मध्ये न्यूझीलंडच्या एका सरकारी मंडळानं तशी शिफारस केली. १९९४ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर हा विषय आला, तेव्हा कंपन्यांनी व्यापार करार आणि ट्रेडमार्कच्या हक्कांकडे बोट दाखवत नुकसानभरपाईची भीती घातली. प्रस्ताव बारगळला. पुढे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या मार्गदर्शक सूचनांत साध्या पाकिटाचा उल्लेख आला आणि विषयाला पुन्हा बळ मिळालं.

ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०१० मध्ये घोषणा केली, २०११ मध्ये कायदा केला आणि १ डिसेंबर २०१२ पासून तो दुकानांत पूर्णपणे लागू झाला. आरोग्यमंत्री निकोला रॉक्सन यांनी तो नेटानं रेटला. पाकिटाचा रंग ठरवण्यासाठी धूम्रपान करणाऱ्यांनाच वेगवेगळे नमुने दाखवले गेले आणि ज्याला लोक सर्वांत कमी भुलतील असा मळकट, गडद तपकिरी रंग निवडला. त्याला सुरुवातीला 'ऑलिव्ह ग्रीन' म्हटलं जायचं, त्यावर ऑलिव्ह उत्पादकांनी हरकत घेतली होती. ब्रँडचं नाव सगळ्यांना एकाच टायपात, एकाच आकारात. समोरचा ७५ टक्के आणि मागचा ९० टक्के भाग सचित्र इशाऱ्यांसाठी.

कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध १ मतांनी कायदा वैध ठरवला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यातल्या गुंतवणूक कराराचा आधार घेतला, पण २०१५ मध्ये लवादानं तो दावा सुनावणीयोग्यच नसल्याचं सांगितलं. जागतिक व्यापार संघटनेतला वाद २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं मिटला. मधल्या काळात इतर काही सरकारं निकालाची वाट पाहत थांबली. खटल्यांनी कंपन्यांना मिळवून दिलेला हा वेळ आरोग्याच्या दृष्टीनं फार महागात पडला.

परिणामाचं काय? कायदा येताच एका पाहणीत साध्या पाकिटातून ओढणाऱ्यांना सिगारेटचा दर्जा घसरल्यासारखा वाटला आणि सोडण्याचा विचार त्यांच्या मनात जास्त वेळा येत होता. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरचे फोन ७८ टक्क्यांनी वाढले. प्रत्यक्ष वापरातली घट मोजणं अवघड, कारण त्याच काळात करही जोरात वाढले आणि इशारेही मोठे झाले. २०१६ च्या सरकारी आढाव्यानं २०१२ ते २०१५ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या प्रमाणात झालेल्या घटीपैकी सुमारे ०.५५ टक्के बिंदू पाकिटातल्या बदलांच्या खात्यात टाकले. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातला अंदाज जवळपास तेवढाच होता, पण पुरावा मर्यादित असल्याचंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

अर्धा टक्का ऐकायला कमी वाटतो. पण तो एका देशाच्या प्रौढ लोकसंख्येतला आहे, म्हणजे लाखाच्या आसपास माणसं. शिवाय या कायद्याचा खरा रोख अजून एकही झुरका न घेतलेल्या मुलांवर आहे, आणि त्यांच्यावरचा परिणाम दोन-तीन वर्षांच्या आकड्यांत पुरता दिसणार नाही. ऑस्ट्रेलियात १४ वर्षांवरील रोज धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण २०१० मध्ये १५.१ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ८.३ वर आलं. यात कराचा वाटा मोठा आहे, पण साधं पाकीट त्याच्या जोडीला उभं होतं.

२०१६-१७ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन, २०१९ मध्ये थायलंड, २०२० मध्ये सिंगापूर असे देश त्याच वाटेनं गेले. कॅनडाला स्वतःच्या डॉक्टरांची कल्पना अमलात आणायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. २०२३ च्या नियमांनी मात्र तिथं पुढचं पाऊल पडलं: आता इशारा प्रत्येक सिगारेटीवरही छापला जातो.