पेट्रोल खातो तो वारा, वजन नव्हे
अमेरिकेत पिकअपमागे राहण्याजोगा ट्रेलर जोडून फिरणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: पेट्रोल जाते ते ट्रेलरच्या वजनामुळे, तेव्हा सपाट महामार्गावर एकदा गती धरली की ताशी 55 मैल काय नि 70 मैल काय, सारखेच. हे खरे नाही. वजनाची किंमत मोजावी लागते ती मुख्यतः चढावर आणि थांबून पुन्हा निघताना. सपाट रस्त्यावर इंजिन झुंजत असते ते हवेशी, कारण पिकअपच्या टपावरून डोके काढणारी ट्रेलरची उभी दर्शनी भिंत समोरचा वारा अंगावर घेते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 55 वरून 70 वर गेल्यास सुमारे 62 टक्क्यांनी. वजन वाचवण्यासाठी पाण्याची टाकी रिकामी करणारेही वेग मात्र कमी करत नाहीत, हे गमतीचेच.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे, आणि ट्रेलरचे कित्येक टायर 65 मैलांपर्यंतच्याच वेगासाठी बनवलेले असतात. ट्रेलर डोलू लागल्यास वेग वाढवून तो सरळ करावा, हा सल्ला तर धोकादायक आहे. अशा वेळी स्टिअरिंग स्थिर धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा आणि चालकाजवळच्या कळीने हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. जड सामान मागच्या टोकाला भरले की पिकअप-ट्रेलरच्या जोडावर पडणारा ट्रेलरचा भार घटतो आणि हे डोलणे सुरू होते. तो भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो.