व्हिक्टोरियन लंडनचे लष्करी खेळ आणि वसाहतींचे घोडेस्वार

लंडनमध्ये इस्लिंग्टन इथला ॲग्रिकल्चरल हॉल १८६२ साली गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधला गेला. १८८० पासून तिथे दरवर्षी लष्करी कसरतींची स्पर्धा भरू लागली आणि पुढे ती रॉयल टुर्नामेंट म्हणून गाजली. लोक तिकीट काढून येत, आणि त्यांना विशेष ओढ असे ती घोडदळाच्या खेळांची.

भरधाव घोड्यावरून जमिनीतली मेख भाल्याने उपसून नेणे, म्हणजे नेझाबाजी, हा त्यांतला गाजलेला प्रकार. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो हिंदुस्थानातल्या रिसाल्यांकडून, म्हणजे घोडदळाच्या पलटणींकडून उचलला होता. या रिसाल्यांत स्वार स्वतःचा घोडा आणि सामान घेऊन नोकरीला येई. मराठ्यांच्या फौजेत रुळलेली ही शिलेदारी कंपनी सरकारने आणि नंतर राणीच्या सरकारनेही चालू ठेवली, कारण ती स्वस्त पडे.

१८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे भालाईत इस्लिंग्टनच्या रिंगणात उतरले. ही हौशी, अर्धवेळ शिपाईगिरी करणारी माणसे होती. लंडनकरांना मात्र त्यांच्यात पसरलेले साम्राज्य दिसले, आणि सरकारला नेमके तेच दाखवायचे होते. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवी मिरवणुकीत हेच गणित मोठ्या प्रमाणावर मांडले गेले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केप व नाताळ या वसाहतींचे स्वार ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मागे चालले. रॉबर्ट्स यांचा पांढरा अरबी घोडा व्होनोलेल मुंबईत विकत घेतलेला होता, आणि अफगाण युद्धातल्या कामगिरीची पदके त्याच्या गळ्यात होती. हिंदी रिसाल्यांचे अधिकारीही भरजरी साफे बांधून मिरवणुकीत होते. त्यांचे रुबाबदार रूप वर्तमानपत्रांना फार भावले.

या देखाव्याची खरी कसोटी १८९९ मध्ये लागली. न्यू साउथ वेल्सच्या भालाइतांची एक तुकडी त्या वर्षी इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत सरावासाठी आली होती. खर्चाचा मोठा भाग तिने स्वतः आणि वर्गणीतून उभा केला होता. टुर्नामेंटमध्येही तिने भाग घेतला. ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर (तिथले डच वंशाचे वसाहतकरी) यांच्यात बोअर युद्ध पेटले, आणि घरी परतणाऱ्या या स्वारांपैकी बहुतेक जण २ नोव्हेंबरला केपटाउनला उतरून थेट आघाडीवर गेले. काही महिन्यांपूर्वी टाळ्या घेणारी पोरे आता गोळ्या झेलत होती. जे न लढता सिडनीला परतले त्यांना भित्रे म्हणून हिणवले गेले. मला हे अन्यायाचे वाटते, कारण ते सरावासाठी गेले होते, युद्धासाठी नव्हे.

ज्यांच्याकडून नेझाबाजी आली त्या हिंदी रिसाल्यांना मात्र या युद्धात लढायला पाठवले नाही. गोऱ्यांच्या लढाईत काळ्या हाती शस्त्र नको, हे धोरण होते. हिंदुस्थानातून घोडे गेले, आणि त्यांच्यासोबत सईस (घोड्यांची निगा राखणारे), भिश्ती (पाणी वाहणारे) व जखमींना नेणारे डोलीवाले गेले.