"किती जीबीचं आहे?" या प्रश्नाची वीस वर्षं

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या कॉम्प्युटर बाजारात, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर गेमचं चित्र उमटवणारं कार्ड) घ्यायला आलेला मुलगा काउंटरवर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, म्हणजे कार्डावर मेमरी किती. पुण्यात हा प्रश्न निदान वीस वर्षं विचारला जातोय. त्यातली बरीच वर्षं तो चुकीचा होता आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र अगदी नेमका ठरू लागलाय. हा उलटफेर कसा झाला ते कळलं नाही, तर कमी बजेटचं कार्ड घेताना आजही फसगत होते.

सुरुवातीला या वस्तूला सगळे 'एजीपी कार्ड' म्हणायचे. एजीपी हे खरं तर मदरबोर्डावरच्या स्लॉटचं नाव, पण तेच रूढ झालं. २००२ साली आलेलं जीफोर्स ४ एमएक्स ४४० हे त्या काळचं परवडणारं कार्ड. नावात '४' असलं तरी आतली चिप जुन्या पिढीच्या धाटणीची होती, त्यात पिक्सेल शेडर, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग-प्रकाश हिशोबाने काढणारा भाग, नव्हते. २००३ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' आला, तेव्हा ६४ एमबीचं एमएक्स ४४० असलेल्यांच्या पीसीवर तो चाललाच नाही. मेमरी पुरेशी होती, चिपला ते काम येत नव्हतं.

माझं स्वतःचं पहिलं कार्ड एफएक्स ५२०० होतं, २५६ एमबीचं. खोलीतल्या मित्राकडे रेडिऑन ९५५०, १२८ एमबीचं. त्याचा गेम माझ्यापेक्षा कितीतरी सुरळीत चालायचा आणि मला कारण कळायचं नाही. कारण साधं होतं. एक तर त्याची चिप मुळात चांगली. शिवाय माझ्या कार्डाचा मेमरी बस (मेमरी आणि चिप यांना जोडणारा रस्ता) ६४ बिटचा होता, त्याचा १२८ बिटचा. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, तर नळाला धार किती येणार? जीबी म्हणजे टाकी, बस आणि मेमरीचा वेग म्हणजे पाइप. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असायची ती टाकी.

हाच प्रकार पुढे बरीच वर्षं चालला. जीटी २१०, मग जीटी ७३०, अशी स्वस्त चिप आणि तिच्यावर भरपूर पण संथ डीडीआर मेमरी. सर्वांत वाईट उदाहरण जीटी १०३०चं. २०१७ साली ते जीडीडीआर५ या वेगवान मेमरीसह आलं, सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवणारं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड निघालं, जेमतेम १७ जीबी हलवणारं. नाव तेच, जीबी तेवढेच, पाइप एक तृतीयांश. याला मी गिऱ्हाइकाची फसवणूकच म्हणेन.

या सगळ्यात खरोखर चांगलं घडलं ते २०१४ च्या फेब्रुवारीत. जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड ६० वॅटवर चालायचं. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो, त्यामुळे वेगळी पॉवर केबल लावायची गरजच नव्हती. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या असेंबल्ड पीसीत कॅबिनेटबरोबर आलेला साधा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असायचा. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी भरवसा नसायचा. मोठं कार्ड घ्यायचं म्हणजे एसएमपीएस बदलणं आलं, बजेट गेलंच. '७५० टीआय'ने तो खर्च वाचवला. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या १०५० टीआयने तेच काम ४ जीबी मेमरीसह पुढे नेलं. "वेगळी वायर लागते का?" हा दुसरा प्रश्न तेव्हापासून दुकानात ऐकू येऊ लागला, आणि तो कायम योग्यच होता.

मग इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग आलं, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून ते चलन कमावणं. २०१७-१८ मध्ये आरएक्स ५७० आणि ५८० दुकानांतून गायब झाली, २०२१ मध्ये तर बहुतेक सगळीच. मायनिंगला लागणारी फाइल तोवर ४ जीबीच्या वर गेल्याने १०५० टीआय मायनर्सच्या उपयोगाचं उरलं नव्हतं, म्हणून ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने ते जुनं कार्ड पुन्हा बाजारात सोडलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्यातलं सेकंड हँड कार्ड घेणारच असाल तर दुकानातच तासभर गेम लावून बघा.

आता प्रश्न बरोबर कसा ठरला ते. गेम आधी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, डोळ्यांसमोर ठेवून बनतात. २०१३ च्या कन्सोलमध्ये एकूण ८ जीबी मेमरी होती, २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी. काही वर्षं गेम दोन्ही पिढ्यांसाठी निघत होते. २०२३ पासून बरेच मोठे गेम फक्त नव्यांसाठी येऊ लागले आणि ८ जीबीची कार्डं अडखळायला लागली. कार्डाची मेमरी भरली की डेटा स्लॉटमधून पीसीच्या मुख्य मेमरीत ये-जा करतो आणि गेम झटके खातो. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी याच ठिकाणी मार खातं. ४ जीबी मेमरी आणि स्लॉटच्या फक्त चार लेन (डेटाच्या वाटा), त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर ते आणखी हळू पडतं.

आणि तरीही ८ जीबी संपलेलं नाही. जून २०१६ मध्ये आरएक्स ४८० ची ८ जीबीची आवृत्ती २३९ डॉलरला होती. मे २०२५ मधलं आरटीएक्स ५०६० २९९ डॉलरचं, तेही ८ जीबीच. नऊ वर्षांत मेमरी जागच्या जागी. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड २४९ डॉलरला आणलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी वगैरे चढतो, पण दिशा बरोबर आहे.

आरएक्स ९०६० एक्सटी एकाच नावाने ८ आणि १६ अशा दोन्ही जीबींत मिळतं, मूळ किमतीत ५० डॉलरचा फरक. चिप तीच. हे कार्ड घेत असाल तर खोकं उघडण्याआधी आकडा बघा आणि बिलावर नावापुढे तो लिहून घ्या.