सकाळी झकास, दुपारी बेकार: लोडरचं स्टेअरिंग असं का वागतं?

मे महिन्यातली गोष्ट आहे, सोलापूरजवळच्या एका खडी क्रशरवर व्हील लोडर (पुढच्या बकेटने खडी उचलणारं मशीन) सकाळी सातला एकदम मस्त चालायचा पण दुपारी पारा 43 च्या वर गेला की ऑपरेटर ओरडायचा, "स्टेअरिंग नुसतंच फिरायलंय, चाकं येईनात." मालकाने घाईघाईत नवीन ऑर्बिट्रोल (स्टेअरिंगला जोडलेला ऑईलचा व्हॉल्व्ह) आणून बसवला, चांगलाच खर्च झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच.

आता आधी हे समजून घ्या की अशा मशीनमध्ये स्टेअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी रॉड वगैरे काहीच नसतं, मधे असतं फक्त ऑईल. तुम्ही स्टेअरिंग जेवढं फिरवता तेवढंच ऑईल ऑर्बिट्रोल मोजून जॅकमध्ये, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये, सोडतो आणि जॅक मशीनला वळवतो. इंजिन बंद पडलं तर हाच ऑर्बिट्रोल हातपंपासारखा चालतो, म्हणून तेव्हा स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, आणि म्हणूनच उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, कृपा करून करू नका.

मग सकाळ-दुपारचा फरक कुठून येतो? ऑईलच्या कॅनवर 46 लिहिलेलं असतं ना, तो आकडा म्हणजे 40 अंशाला ऑईल किती दाट आहे त्याचं माप. तेच ऑईल 100 अंशाला गेलं की ते माप सातच्या आसपास येतं, म्हणजे काकवीचं जवळजवळ पाणीच. ऑईल पातळ झालं की बारीक फटीतून जास्त निसटतं, आणि फट रुंद झाली की तर विचारूच नका, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट! मला तर हे गणित हायड्रॉलिकमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून थंडपणी ठीक आणि गरम झाल्यावर ढिलं, असं असेल तर आतल्या आत ऑईल पळतंय असं समजायचं, पंप, ऑर्बिट्रोल किंवा जॅकचं सील, तिघांपैकी कुठेतरी.

पण स्पॅनर हातात घ्यायच्या आधी टाकीत बघा. लेव्हल कमी असेल किंवा सक्शन पाईपचा (टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाईपचा) क्लॅम्प सैल असेल तर पंप हवा ओढतो, ऑईलवर फेस येतो आणि पंप किंचाळतो. ऑईल दाबलं तरी फारसं दबत नाही, हवा मात्र दबते, त्यामुळे स्टेअरिंग झटके देत चालतं. ऑईल पांढरट दिसलं तर बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवा, स्वच्छ झालं तर हवा होती, तसंच पांढरं राहिलं तर पाणी. आणि जड वळतंय म्हणजे हायड्रॉलिकच बिघडलंय असं पण नाही, कधी नुसती जॉइंटमधली पिन ग्रीसशिवाय सुकलेली असते.

त्या लोडरचं शेवटी असं केलं: एका बाजूला पूर्ण वळवला, इंजिन बंद, प्रेशर उतरवलं, जॅकच्या रिटर्न बाजूचा (जिथून ऑईल परत जातं तो) पाईप सोडून पाईपचं तोंड प्लग केलं, मशीन मधून जिथे वळतं त्या जॉइंटपासून सगळे लांब झाले, मग इंजिन स्लोवर ठेवून ऑपरेटरने स्टेअरिंग त्याच बाजूला दाबून धरलं. जॅकच्या उघड्या तोंडातून ऑईलची धार लागली. पिस्टन टोकाला टेकलेला असताना तिथून ऑईल यायलाच नको, म्हणजे पिस्टनचं सील गेलेलं. जॅक खोलला तर बॅरलमध्ये, म्हणजे त्याच्या नळकांड्यात, उभे ओरखडे, क्रशरची धूळ आत गेलेली. डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण दिसतच नाही आणि या पार्टमधल्या फटी त्याहून कितीतरी बारीक असतात, त्यामुळे "ऑईल स्वच्छ दिसतंय" याला काही अर्थ नाही, फिल्टर वेळेवर बदला.

बाहेरची गळती शोधताना मात्र पाईपवरून बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. दीडशे बार प्रेशरला सुईएवढ्या भोकातून आलेलं ऑईल कातडी फोडून आत शिरतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि माणूस घरी जाऊन झोपतो. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.